एकच फेरी, चार दिवस

चार दिवसांची सुट्टी जुळून आली तेव्हा मला वाटलं होतं, दादा आम्हाला कुठल्या तरी डोंगरात नेणार. तो गेली बारा वर्षं माउंटन बाइक चालवतोय आणि त्याच्या फोटोंत कायम कडे, दगड आणि धूळ. मी डांबरी रस्ता सोडून कधी सायकल चालवलेली नाही. पण त्यानं निवडली शहरातल्याच एका मोठ्या बागेतली तळ्याकाठची वाट. पाच किलोमीटरची एक फेरी. सोबत त्याची चौदा वर्षांची मुलगी, म्हणजे माझी भाची. अट एकच घातली: "चारही दिवस हीच फेरी मारायची. दुसरीकडे जायचं नाव काढायचं नाही."

चार दिवस काढून पाच किलोमीटर! मी मनातून खट्टू झाले होते. आज मात्र सांगते, नव्यानं शिकणाऱ्याला याहून चांगली अट कुणी घालू शकत नाही. पाटीवर अक्षर गिरवतात तशी वाट गिरवावी लागते, हे मला तिथे कळलं.

पहिला दिवस

वाटेच्या तोंडाशी एका लाकडी खांबावर हिरवा गोल रंगवलेला होता. दादानं तिथेच थांबवलं. या खुणा स्कीच्या उतारांवरून घेतलेल्या आहेत: पांढरा गोल सगळ्यात सोपा, हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, दोन काळे हिरे त्याहून अवघड. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन या १९८८ साली सुरू झालेल्या संस्थेनं या खुणांना मापं ठरवून दिली आहेत. हिरव्या वाटेची रुंदी निदान ३६ इंच, सरासरी चढ ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर. आणि मला सगळ्यात धीर देणारं माप: जो अडथळा चुकवताच येणार नाही, तो २ इंचांहून उंच असायचा नाही.

दादानं दोन बोटं आडवी जोडून माझ्यापुढे धरली. "वाटेत मूळ आडवं आलंच तर एवढं. याहून थोडंसं जास्त. याला घाबरायचं का?"

घाबरायचं नाही, असं तोंडानं म्हणाले.

सायकल त्याचीच जुनी. पुढे सस्पेन्शन, मागे नाही, म्हणजे हार्डटेल. नवख्या माणसाला हीच बरी. मागचं चाक कशावरून गेलं ते थेट तळपायाला कळतं. मी सवयीनं टायर दाबून बघितला आणि हवा कमी आहे म्हणाले. दादानं गेज लावलं: पुढे २८ पीएसआय, मागे ३०. रस्त्यावरच्या बारीक टायरच्या सायकलीत ८० ते १०० पीएसआय भरतात, मग इथे एवढी कमी का? कारण रुंद टायर थोडा मऊ असला की तो मुळावर, खडीवर दबतो, त्यांना धरतो. टणक टायर टणाटण उडतो. आत ट्यूब असल्यामुळे याहून खाली मात्र उतरायचं नाही, असंही त्यानं बजावलं. ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी विसरले, ते पुढे येईलच.

वाटेवर जायच्या आधी अर्धा तास हिरवळीवर गेला. दोन्ही पायडल आडवे, एका रेषेत, घड्याळाच्या पावणेतीनच्या काट्यांसारखे. टाचा किंचित खाली. बूड सीटवरून उचललेलं, गुडघे आणि कोपरं सैल, कोपरं जराशी बाहेर. सगळा भार तळपायांवर, हातांवर जवळजवळ नाहीच. भार हातांवर पडला की चाकाला बसणारा प्रत्येक गचका खांद्यापर्यंत पोचतो. भाचीनं मला मधेच हँडलवरची बोटं उचलायला लावली. उचलता आली नाहीत, म्हणजे मी हातांवर रेलले होते.

मग ब्रेक. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर आपटतो, ही भीती माझ्या मनात लहानपणापासून. दादानं वादच घातला नाही, हिरवळीवर एक काडी ठेवली आणि म्हणाला, "इथून दाब, कुठे थांबतेस ते पावलांनी मोज." नुसता मागचा ब्रेक: अकरा पावलं, तीही चाक घसरत. दोन्ही ब्रेक एक-एका बोटानं, हळूहळू दाब वाढवत: पाच पावलं. ब्रेक लागला की भार पुढे सरकतो, पुढचा टायर जमिनीला घट्ट धरतो, मागचा हलका होतो. म्हणून थांबवायचं खरं काम पुढचा ब्रेक करतो. अचानक आवळला तर धोका. बूड मागे नेऊन हळू दाबला तर त्याच्यासारखा आधार नाही.

पहिली फेरी. सुरुवातीला मोकळं मैदान, मग ओढ्यावरचा लाकडी साकव, त्याच्या फळ्यांवरून चाक जाताना होणारा खडखडाट, आणि पुढे डाव्या हाताला तळं. लव्हाळ्यांच्या मधून पाणी दिसत होतं म्हणे. मला काही दिसलं नाही. माझी नजर पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर खिळलेली होती.

साधारण तीन किलोमीटरवर एक बाक आहे. बाकाच्या पुढे एक जुनं झाड, आणि वाट त्याला उजवीकडून वळसा घालून तळ्याकडे उतरते. त्या वळणाच्या ऐन मध्यावर झाडाची तीन मुळं वाटेत आडवी आली आहेत. पहिलं मनगटाएवढं जाड, दुसरं बारीक, तिसरं पुन्हा जाड, आणि चाकांनी घासून वरची साल गेल्यामुळे गुळगुळीत. पोटात गोळा आला. पहिल्या मुळाकडे टक लावून बघत, ब्रेक दाबत गेले, आणि चाक बरोबर त्याच्यावर जाऊन थांबलं. पाय टेकला.

दादा मागून येत होता. "तू मुळाकडे बघितलंस, म्हणून सायकल मुळाकडे गेली," एवढंच म्हणाला.

फेरीला पाऊण तासाच्या वर लागला. संध्याकाळी पायांपेक्षा पंजे जास्त दुखत होते.

दुसरा दिवस

आज दादानं शिकवणी बंद ठेवली. "मी मागून नुसतं ऐकतो," म्हणाला. ऐकण्यासारखं असतं काय? तर सायकल खूप बोलते. पायडल मारणं थांबलं की मागच्या चाकातून टकटकटक असा आवाज येतो. ब्रेक लागला की डिस्कवरून बारीक शीळ. चढावर गिअर उशिरा बदलला की साखळी कडकन दात खाते. न बघताही मागच्या माणसाला कळतं, पुढचा कुठे बिचकला.

त्यानं मला हिशेब दिला: मुळांच्या वळणाआधी तीनदा ब्रेक, वळणात दोनदा. "वळणाआधीचा एक ठेव. वळणातले दोन्ही काढून टाक."

कारण टायरची पकड ही एकच पुंजी असते. ती थांबण्यावर खर्च केली तर वळण्यासाठी उरत नाही. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात चाक मोकळं सोडायचं. ओल्या किंवा गुळगुळीत मुळावर तर ब्रेक लावायचाच नाही. मूळ शक्यतो काटकोनात ओलांडायचं. तिरकं गेलं की चाक मुळाच्या कडेनं सरकतं.

वळणाशी उभं राहून भाचीला तीनदा जाताना बघितलं. तिसऱ्यांदा मी चाक सोडून तिचं डोकं बघितलं. वळणात शिरायच्या आधीच तिची हनुवटी पलीकडे, वाट जिथून बाहेर पडते तिथे वळलेली होती. मुळांकडे तिनं बघितलंच नाही. मुळं तिनं आधीच बघून ठेवली होती, दहा-पंधरा हात अलीकडून. हे मला सांगून कळलेलं नव्हतं, बघून कळलं.

दुसऱ्या फेरीत मूळ पार झालं. एक पाय टेकून, पण पार झालं. तेवढ्यानं धीर आला, आणि मऊ टायर चांगला तर आणखी मऊ आणखी चांगला, अशा हिशेबानं मी गुपचूप मागच्या टायरमधली हवा सोडली. साकवाच्या फळीच्या कडेवर चाक आदळलं आणि फुस्स झालं.

ट्यूब काढली तर तिच्यावर शेजारी-शेजारी दोन बारीक छिद्रं, सापाच्या दातांसारखी. याला स्नेकबाइटच म्हणतात. हवा कमी असली की टायर पूर्ण दबतो, रिमच्या दोन्ही कडा ट्यूबला फळीवर चिमटा काढतात, आणि एकाच वेळी दोन जागी फाटतं. दादा रागावला नाही. "आता लक्षात राहील," म्हणाला आणि पंप माझ्या हातात दिला. नवीन ट्यूब बसवायची कशी हे मी त्याच दिवशी शिकले: ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून तिला गोल करायचं म्हणजे पीळ बसत नाही, टायरची शेवटची कड व्हॉल्व्हपाशी आत ढकलायची, आणि हवा भरण्याआधी ट्यूब कुठे कडेत अडकली नाही ना, हे दोन्ही बाजूंनी फिरवून बघायचं. हे आलं नाही तर सायकल हातात धरून तीन किलोमीटर चालत यावं लागतं. मला वाटतं, पहिल्या फेरीच्या आधी हे शिकावं.

चाक बसवता बसवता दादानं रीपॅकची गोष्ट सांगितली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं १९३०-४०च्या काळातल्या जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली घेऊन एका कच्च्या रस्त्यानं उतरायची. सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये ४०० मीटर उतार. १९७६ साली तिथे पहिली शर्यत झाली. त्या सायकलींना ब्रेक एकच, मागच्या हबमध्ये म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, पायडल उलटं दाबून लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर यायचा, आणि पुढच्या खेपेआधी हब उघडून ग्रीस नव्यानं भरावं लागायचं. रीपॅक हे नाव त्यावरून. त्या घोळक्यातल्या जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या कामासाठीच सायकलीची फ्रेम घडवली. चार्ली केली आणि गॅरी फिशर यांनी १९७९ मध्ये अशा सायकली विकण्याची कंपनी काढली. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये क्रॉसकंट्री माउंटन बाइक शर्यत पहिल्यांदा आली.

माझ्या हाताखालच्या ब्रेकला एक बोट पुरतं. ते धूर निघणारे हब आठवले की त्या बोटाबद्दल कृतज्ञता वाटते.

तिसरा दिवस

रात्रभर पाऊस. सकाळी उघडीप, पण खांबावर ‘वाट बंद’ची पाटी लटकवलेली. माझा चेहरा पडला. ऊन येतंय, चाकं जाड आहेत, एक फेरी मारली तर काय बिघडतं?

दादानं वाटेच्या कडेच्या मातीवर बुटाची टाच दाबली आणि उचलली. ठसा खोल उमटला, त्यात पाणी झिरपायला लागलं. "टाचेचा ठसा उमटतो तिथे चाकाचा चर उमटतो. ठसा तिथेच राहतो, चर मात्र लांबच लांब जातो. पुढच्या पावसाचं पाणी त्यातून वाहतं, चर खोल होतो, मग लोक तो चुकवायला कडेनं जातात आणि वाट दुप्पट रुंद होते."

मग सायकली ठेवल्या आणि शेजारून जाणाऱ्या खडीच्या रस्त्यानं आम्ही ती फेरी पायी केली. चार दिवसांतला हा माझा सगळ्यात आवडता दिवस. दोन दिवस जिच्यावरून धडपडत गेले, ती वाट कुणी तरी विचार करून बांधली आहे हे त्या दिवशी दिसलं.

वाट तळ्याकडे सरळ कुठेच उतरत नाही; टेकाडाच्या अंगाला आडवी, कुशीतून जाते. सरळ उतरली असती तर पहिल्या पावसात तिचा ओहोळ झाला असता. यासाठी एक साधा नियम पाळतात: वाटेचा चढ टेकाडाच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. टेकाड १६ टक्क्यांनी उतरत असेल तर वाट ८ टक्क्यांच्या आत. शिवाय लांबवरची सरासरी १० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. आणि वाटेचा पृष्ठभाग सपाट नसतो, बाहेरच्या कडेला सुमारे ५ टक्के झुकलेला असतो. डोळ्यांना कळतही नाही. पण वरून आलेलं पाणी वाटेवरून वाहत न बसता तिला आडवं ओलांडून तळ्याकडे निघून जातं.

उतारावर मधूनमधून एक लहानसा खळगा आणि पुढे उंचवटा येतो. काल मला वाटलं होतं, सायकलवाल्यांच्या मजेसाठी केलाय. तोही पाण्यासाठीच. भाचीनं रस्ता आणि वाट जिथे जवळ येतात तिथून एक पिवळं पान वाटेवरच्या पाण्यात टाकलं. पान मातीच्या गढूळ धारेवरून डुलत खाली निघालं, खळग्यापाशी आलं, उंचवट्यापुढे क्षणभर घुटमळलं, गोल फिरलं, आणि डावीकडे वळून गवतातून तळ्यात उतरलं. तिनं पुन्हा टाकलं. पुन्हा तिथेच वळलं. आम्ही तिघं त्या पानांसाठी तिथे किती वेळ उभे होतो कोण जाणे.

पुढे एका ठिकाणी मात्र वाट नको तेवढी पसरली होती. डबकं साचलेलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी गवत तुडवून केलेल्या दोन नव्या वाटा. वाट ओली असताना लोक गेले होते. चिखल चुकवायला कडेनं जाण्यापेक्षा डबक्याच्या मधून जावं, आणि त्याहून बरं म्हणजे त्या दिवशी जाऊच नये. वाटा जपायला फावडी-कुदळी घेऊन येणारी माणसं बहुतेक ठिकाणी हौशीच असतात, सुट्टीचा दिवस मोडून आलेली. एका ओल्या फेरीनं त्यांचे कित्येक तास वाया जातात. मला हे मनापासून लागलं.

मुळांच्या वळणाशी आले. दुरून, सायकलीशिवाय, ती मुळं अगदी लहान दिसली. ओली, काळपट, चकचकीत. तीनही मुळांच्या मागच्या अंगाला माती धरून राहिली होती. त्यांच्यामुळे तो उतार टिकून होता.

चौथा दिवस

दुपारपर्यंत वाट सुकायची होती म्हणून सकाळ पंप ट्रॅकवर. बागेच्या एका कोपऱ्यात मातीच्या उंचवट्यांची आणि कलत्या वळणांची बंद माळ. इथे पायडल मारायचं नाही. उंचवटा चढताना हातपाय आखडून सायकलीला वर येऊ द्यायचं, आणि माथा ओलांडला की हातापायांनी तिला खाली ढकलायचं. झोका घेताना आपण जसा जोर नेमक्या वेळी लावतो, तसंच. भाची पायडल न मारता चार फेऱ्या काढते. मला अर्धी जमली. पण त्या अर्ध्या फेरीत गुडघे आणि कोपरं सैल ठेवणं म्हणजे काय ते अंगाला कळलं. दोन दिवस ऐकूनही कळलं नव्हतं.

दुपारी टाच दाबून बघितली. ठसा उमटला नाही. निघालो.

साकवापाशी समोरून एक वयस्क जोडपं येत होतं. घंटा वाजवली, थांबले, पाय टेकला, त्यांना जाऊ दिलं. चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची, आणि वाट एकाच दिशेनं जायची नसेल तिथे उतरणाऱ्यानं चढणाऱ्यासाठी थांबायचं. आजी हसल्या, पुढे निघाल्या. बागेतली वाट सगळ्यांची असते. सायकलवाले नीट वागले तरच ती सायकलींना खुली राहते.

तळं आज दिसलं. लव्हाळ्यांच्या पलीकडे बदकांची एक रांग, मधे उन्हाचा पट्टा. हिरव्या वाटेला चौथ्या किलोमीटरवर एक फाटा फुटतो, तिथे निळा चौकोन आहे. पहिली फेरी झाल्यावर दादा म्हणाला, बघायचंय का? सायकल टेकवून चालत गेलो. वीस पावलांवर दगडाची एक पायरी, खाली उतरणारी. भाचीनं वीत लावली, सात इंच तरी. निळ्या वाटेवर ८ इंचांपर्यंतचा अडथळा येऊ शकतो, तेव्हा ती पायरी नियमातच होती. भाची गेली, सहज गेली. मी पायरी वरून बघितली, खालून बघितली, आणि आज नाही असं सांगितलं. दादानं आग्रह केला नाही. अशा वेळी आग्रह न करणारा माणूस बरोबर असणं फार मोलाचं.

"मग एक हिरवी फेरी?" त्यानं विचारलं.

ऊन कलायला लागलं होतं. भाची पुढे, मी मधे, दादा मागे. बाक आला. वळणाआधी एकदा, हळू, दोन्ही बोटांनी ब्रेक, आणि बोटं सोडून दिली. मुळं दहा हात अलीकडून बघून घेतली: जाड, बारीक, जाड. मग हनुवटी वळवली, जिथे वाट झाडामागून बाहेर येते तिकडे. खालून एक गचका आला, लगेच दुसरा, आणि जरा थांबून तिसरा. गुडघ्यांनी ते गिळले. चाक वाटेच्या बाहेरच्या कडेला आलं, समोर तळं, भाचीचं पाठमोरं शिरस्त्राण, आणि माझ्या मागच्या चाकाचा टकटक आवाज.

पुढच्या सरळ पट्ट्यावर दादा शेजारी आला.

"वळणात ब्रेक वाजला नाही आज," तो म्हणाला, आणि पुढे निघून गेला.